पडदे लाव, तिकडे रात्र आहे

किस्से म्हणजे किचनच्या खणातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण एक ओढली की दहा बाहेर येतात. इथे परदेशात, बॉथेल गावातल्या आमच्या मराठी ग्रुपचे सगळे किस्से एकाच दिवसाचे आहेत. दर वर्षी मे महिन्यातला तो शनिवार, जेव्हा युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा टीव्हीवर लागते. हे खूळ माझ्या ताईचं. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. मी शाळा अर्धवट सोडलेला, टायरच्या दुकानात काम करतो.

जानेवारीत ताई गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून किस्से लिहितो.

*

फायनल तिकडे रात्री, म्हणजे आमच्याकडे भर दुपारी. पहिल्या वर्षी बाहेर काय ऊन पडलं होतं! अख्खा हिवाळा पावसात काढलेली माणसं आम्ही, आणि ताई ओरडली, "निख्या, पडदे लाव. तिकडे रात्र आहे!"

मंदाकाकू नागपूरच्या, ग्रुपमध्ये सगळ्यात मोठ्या. म्हणाल्या, "नागपुरात उन्हाला भिऊन पडदे लावायचो. इथे कसंबसं ऊन मिळालं, तर ही पोरगी तेही बंद करते!"

पण अंधार झाला, एकेक देशाची माणसं झेंडे घेऊन स्टेजवर आली, आणि काकूही पुढे सरकून बसल्या. ताई हळूच म्हणाली, "हे देश एकमेकांवर बॉम्ब टाकून दमले होते. मग म्हणाले, आता गाऊन भांडू."

इतिहास असा शिकवला असता, तर मी शाळा सोडली असती का?

*

एकदा ताईने सांगितलं, पूर्वी एका वर्षी चार देशांना सारखेच मार्क पडले. टाय झाला तर काय करायचं, याचा नियमच नव्हता. मग चौघंही विजेते!

सुमेध पुण्याचा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं ही त्याची नोकरी. त्याने हातातला समोसा खाली ठेवला. "म्हणजे टेस्टिंग न करताच लाइव्ह गेले?"

सोमवारी ऑफिसातून त्याचा ताईला मेसेज. "चौघंही? सीरियसली?"

*

आमच्याकडे चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला एक देश मिळतो. काकूंच्या रोहनला मिळाला ऑस्ट्रेलिया. तो इथेच जन्मलेला. म्हणाला, "ताई, दॅट्स नॉट इव्हन युरोप!"

ताई म्हणाली, "तू तरी कुठे महाराष्ट्रात राहतोस? गणपतीत नाचतोस ना?"

रोहन विचार करून म्हणाला, "फेअर."

*

स्पर्धेत प्रत्येक देश आपल्या गावातून कॉल करून मार्क सांगतो, सगळ्यात आवडत्या गाण्याला बारा. ताई म्हणाली, आपणही तसंच करायचं. मग काकू लाटण्याचा माइक करून सोफ्यावर, आणि बाकीचे घरभर पांगलेले. रोहन बाल्कनीत, मी बाथरूममध्ये, ताई कायम बेडरूममध्ये.

सुमेध पार्किंग लॉटमध्ये उभा राहून बोंबलायचा, "हॅलो! धिस इज पार्किंग लॉट कॉलिंग! ट्वेल्व्ह पॉइंट्स गो टू..." एकदा कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली. "आर यू ओके, हनी?"

सुमेध म्हणाला, "मॅम, प्लीज. वी आर लाइव्ह."

*

आता जे सांगतो ते ताईच्या तोंडून ऐकून मी गाडी बाजूला घेतली होती. शपथ!

पोर्तुगालचं एक गाणं स्पर्धेत अगदी तळाला गेलं. सगळे विसरले. काही आठवड्यांनी तेच गाणं त्यांच्या रेडिओवर लागलं. ती सैनिकांसाठी ठरवलेली खूण होती. सैनिक निघाले आणि कित्येक वर्षांची हुकूमशाही कोसळली. हरलेल्या गाण्यावर!

मी ताईला म्हटलं, "आणि मार्क देणाऱ्यांनी त्याला तळाला टाकलं?"

"म्हणून तर," ताई म्हणाली, "माझे बारा नेहमी शून्यवाल्याला." खरंच, जे गाणं कुणालाच आवडायचं नाही, त्याला ती बारा द्यायची. आम्ही चिडायचो. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "यंदा कोणाला दिलेस गं?" ताई म्हणायची, "शून्यवाल्याला!" आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

*

जो जिंकतो, त्याने पुढच्या वर्षी यजमान व्हायचं. गेल्या वर्षी ताईच्या चिठ्ठीतला देश जिंकला होता. म्हणजे यंदा पार्टी ताईकडे.

सुमेध एप्रिलमध्ये हळूच म्हणाला, "यार, या वर्षी कॅन्सल करूया का?"

माझं डोकं फिरलं. तिच्या अपार्टमेंटची किल्ली मेअखेर परत करायची होती. त्यानंतर ताईचं घर असं काही उरणारच नव्हतं. मी ओरडलो, "जिंकलेल्या देशाला जमलं नाही, तर तिकडे काय करतात? सांग! तू नियमवाला ना?"

तो म्हणाला, "दुसरा देश करतो. त्याच्या नावाने."

"मग?"

"मग समोसे मी आणतो."

*

तो शनिवार आला. आई महाराष्ट्रातून आलेली होती, सकाळपासून बेडरूममध्ये ताईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुमचं कोकलणं चालू द्या," म्हणाली आणि दार लावून घेतलं. बाहेर ऊन होतं. मी पडदे लावले.

गाणी झाली. एका बिचाऱ्या गाण्याला आमच्यात कुणीच काही दिलं नाही. बाल्कनी झाली, बाथरूम झालं, पार्किंग लॉट झाला, आणि आम्ही सगळे हॉलमध्ये परत आलो. काकूंच्या हातात लाटणं होतं, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता शेवटचे मार्क. हॅलो बेडरूम, ऐकू येतंय का?"

काकूंनी लाटणं खाली घेतलं. सुमेध जमिनीकडे बघत राहिला.

बंद दारामागून आईचा आवाज आला. "येतंय."

आम्ही सगळे दाराकडे बघत होतो.

"बारा," आई म्हणाली. "शून्यवाल्याला."

काकूंनी लाटणं पुन्हा तोंडापाशी नेलं.

"थँक यू, बेडरूम."