अक्कानं मारलेली थप्पड

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. नवरा एवढंच म्हणाला, "अक्का गेली. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं." मी समोरचा ग्लास भिंतीवर फेकला. सगळे बघत राहिले. त्यांना मी काय सांगणार होते... की माझी मोठी जाऊ गेली, आणि तिला मारण्यात माझाही हात आहे? पाच आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही. आणि तो नुसता डॉक्टरांवर नाही.

अक्काचं माहेर बेळगावकडचं, संसार सगळा यशवंतपुरात. घरीच चटण्या आणि मसाले कुटून विकायची. मी पुण्याहून लग्न होऊन आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या दगडी उखळात ती ब्याडगी मिरची कुटत होती. म्हणाली, "स्वल्प शिंकून घे, मग आत ये." खालचे भाडेकरू गौडाअण्णा जिन्यातून हाक द्यायचे, "अक्का, मेल्लगे." हळू, म्हणजे. ती आणखी जोरात कुटायची.

तीन बाळंतपणांनंतर तिचं अंग बाहेर येऊ लागलं. कित्येक वर्षं तिनं ते हातानं आत सारलं आणि कुणाला सांगितलं नाही. शेवटी खालच्या मार्गानं जाळी बसवायचं ऑपरेशन झालं. अंग वर राहिलं, पण काही महिन्यांत दुखणं सुरू झालं. बसलं की आतून ब्लेड फिरवल्यासारखं, आणि कपड्याला रक्त. बसवत नाही म्हणून ती दिवसभर उभ्यानं कुटायची, आणि आम्ही शहाणे म्हणायचो, मुसळ उचलतेस म्हणून दुखतं. पुष्कळ बायकांना या जाळीचा काही त्रास होत नाही म्हणे. नसेल होत. आमच्या घरात त्या जाळीनं दोघांचं रक्त काढलं. अण्णा, म्हणजे माझे मोठे दीर, जवळ गेले तेव्हा त्यांना काहीतरी टोचलं, खरचटलं. त्यांना वाटलं, ही मुद्दाम करते. त्यांनी हात उचलला. अक्कानं मुसळ उचललं. ते दारावर बसलं म्हणून अण्णा वाचले. दाराला पडलेली खोक अजून तशीच आहे.

मग मी तिला एचएसआर लेआउटमधल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांना कन्नड-मराठी येत नव्हतं, अक्काला इंग्रजी. मध्ये मी. अक्का म्हणाली, "खाली दुखतंय." मी इंग्रजीत सांगितलं, पोटात दुखतंय. रोज पन्नास माणसांसमोर बोलणारी मी, पण पुरुष डॉक्टरसमोर त्या जागेचं नाव माझ्या तोंडून निघेना. जाळीचं तर मी बोललेच नाही, जुनं ऑपरेशन एवढंच सांगितलं. आठ महिने तिच्या पोटाच्या तपासण्या झाल्या, आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, मनाचा खेळ आहे. मी तेही अक्काला सांगितलं.

"तू त्याला काय सांगितलीस?" तिनं विचारलं. मी पोटावर हात ठेवून दाखवला. तिनं फाडकन माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडून टेबलाखाली गेला.

"पोट न्हवं. जिथनं पोरं काढली तिथं. सांग त्याला."

गाल धरून मी सगळं सांगितलं, एकेका अवयवाचं नाव घेऊन. त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं. जाळीची कड योनीची भिंत कापून बाहेर आली होती आणि भोवती पू झाला होता. आत मांस जाळीत इतकं रुतलं होतं की ती तुकड्या-तुकड्यानं ओरबाडून काढावी लागली. पहिल्यांदा अर्धीच निघाली. उरलेली काढायला पुन्हा चिरलं, त्यानंतर ताप उतरलाच नाही.

शेवटची भेटले तेव्हा तिनं माझ्या गालाला हात लावला. "त्या दिवशी लागलं काय ग?"

"नाही, अक्का."

"मग आधीच मारायला पायजे होतं की..." म्हणाली, आणि तोंड फिरवून पडून राहिली.

ते आठ महिने मी तिचे खाल्ले. हे मला कुणी म्हणत नाही, म्हणून मीच लिहिते आहे.

गेल्या रविवारी अण्णा म्हणाले, उखळ कुणालातरी देऊन टाकू. मी उठून उखळापाशी गेले. मिरच्या ओतल्या, मुसळ उचललं आणि कुटायला लागले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यात तिखट गेलं. खालून सवयीनं गौडाअण्णांची हाक आली, "अक्का, मेल्ल..." आणि मध्येच थांबली.

मी आणखी जोरात कुटू लागले.