फुलंही झाडावरच बसतील

वैशाखात भावाच्या लग्नासाठी मी कल्याणास माहेरी गेले होते. वन्सं गेल्याचा निरोप तिथेच आला. आगगाडीनं ठाण्यास पोचले, तोवर त्यांना ओसरीवर निजवलं होतं. अंगावर अलवण, बाकी काही नाही. आणि दोन पावलांवर परसात मोगरा नुसता बहरला होता... मी ओंजळभर खुडून आणला, तर शेजारच्या काकू आडव्या आल्या. विधवेला फुलं चालत नाहीत, एवढंही तुला कळू नये का, म्हणाल्या. मला रडू यायचं राहिलं आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

काशीवन्सं माझ्या थोरल्या नणंद. सासर कसलं ते कळण्याआधीच कुंकू पुसलं गेलं आणि त्या माहेरी परतल्या. केस गेले, सणावाराला माजघराचा कोपरा उरला. तेव्हा त्यांनी परस मागून घेतला. खाडी जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. मोगऱ्यासाठी त्या तळ्यावरून घागरी आणत. पावसाळ्यात पडवळ-दोडक्यांचे मांडव, दिवाळीच्या सुमारास शेवंती, मग वाल. संक्रांत झाली की मोगऱ्याची छाटणी. ती मला बघवत नसे. छाटल्यावाचून तो फुलत नाही, असं त्या समजावीत आणि वर हसून म्हणत, "माझं डोकं इतकी वर्षं छाटतायत, काय फुललं गं?"

आळीतल्या साऱ्या चैत्रगौरींना फुलं आमच्या परसातली. वन्संनी ती खुडायची, परड्या भरायच्या आणि हळदीकुंकवाच्या बायका यायच्या आत माजघरात जायचं. एका चैत्रात त्यांनी परडीला हातच लावला नाही. सासूबाई, म्हणजे त्यांच्या सख्ख्या आई, परसाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, यंदा आरास मी करीन आणि गौरीपाशीच बसेन," वन्सं म्हणाल्या. "मी आत बसायचं असेल, तर फुलंही झाडावरच बसतील."

सासूबाईंनी लोकांची भीती घातली, शपथा घातल्या, शेवटी बोलणं टाकलं. त्या वर्षी आमची गौर फुलांवाचून बसली. बायका डाळ-पन्हं घेऊन परतल्या, पण सगळ्यांचं लक्ष परसाकडे. वास तिथून येत होता ना! पुढल्या चैत्रात सासूबाईंनी आपल्या हातानं गौरीजवळ लेकीचा पाट मांडला. दोघी-तिघी उंबऱ्यातूनच परत गेल्या. वन्सं ताठ बसून राहिल्या. त्यानंतर तो पाट कधी उचलला गेला नाही.

...तर त्या दिवशी काकूंपुढे मी ओंजळ धरून उभी. सासूबाईंची नजर आता पार अधू झाली आहे. भिंत चाचपत त्या आल्या, माझ्या हातातली फुलं घेतली, लेकीच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्या भादरलेल्या डोक्यावर एकेक फूल ठेवत गेल्या.

आता आषाढ चालू आहे. पडवळाचा मांडव मी घातला. वाकडा झालाय, पण उभा आहे. सासूबाई सकाळी मोगऱ्याजवळच्या धुण्याच्या दगडावर येऊन बसतात. परवा काकू तिथेच आल्या. तुमच्या घरात असलं घडलं, तेव्हा यंदा मंगळागौरीला आळीतलं कुणी इथली फुलं नेणार नाही, असं त्यांनी ऐकवलं.

"नका नेऊ," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही माळलीत. माझ्या काशीनं एकदाच."