परदेशी पोरगी घ्यावी की नाही

खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करणाऱ्या अक्कांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, तर त्याला टेकायला जागा मिळत नसे. दुकानभर खुर्च्याच खुर्च्या, पण सगळ्या बास्केटबॉलच्या मंडळाने अडवलेल्या. निवृत्त बसड्रायव्हर फोम काढलेल्या सोफ्याच्या नुसत्या पट्ट्यांवर ऐसपैस बसलेले. कोपऱ्यावरचा औषधवाला आपलं दुकान बायकोच्या गळ्यात घालून एका हाताच्या आरामखुर्चीत. आणि तिसरे रेफरी. यांनी जन्मभर शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, शिट्टी कधी हातात धरली नाही. पण कुठल्याही वादात निकाल द्यायची भारी हौस, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

अक्का मात्र उभ्याने काम करत. साठी ओलांडली तरी पाठ ताठ होती आणि जीभ त्याहून ताठ. त्या जुन्या पद्धतीने काम करायच्या. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो तिथूनच उचलायचा आणि एका ठोक्यात कापडावर बसवायचा. बाकी सगळीकडे मशीनने पिना मारायला लागून जमाना लोटला होता. मंडळाला ही जुनी पद्धत फार आवडायची, कारण खिळे तोंडात असेपर्यंत अक्कांना बोलता येत नसे. "तोंड भरलंय, बोलून घ्या," असं रेफरी हळूच म्हणायचे, आणि मग ज्याला जे म्हणायचं ते तो घाईघाईने उरकून घ्यायचा.

शहराच्या मुलींच्या संघावर या चौघांचा जीव होता. संघाला त्याची गंधवार्ता नव्हती, हा भाग वेगळा. लीगची पद्धत अशी, की हंगाम संपला की नव्या खेळाडूंची एक यादी निघते आणि संघ पाळीपाळीने त्यातून एकेक नाव उचलतात. याला ड्राफ्ट म्हणायचं. जो संघ तळाला, त्याला पहिली निवड. यंदा आपला संघ इतका मनापासून हरला होता, की पहिली निवड आपलीच होती. आणि यादीत सगळ्यात वर नाव होतं एका परदेशी मुलीचं. वय एकोणीस, उंची दाराच्या चौकटीला भिडेल एवढी, आणि तिच्या भाषेचं एक अक्षर इथे कुणाला कळत नव्हतं.

घ्यावी की नाही, यावर तीन शनिवार चर्चा चालू होती. औषधवाला म्हणे, घ्या. ड्रायव्हर म्हणत, घ्या. रेफरी दोन्ही बाजूंनी मान डोलवत. आणि अक्का खिळे संपले रे संपले, की सुरू होत.

"वर्षभरात पळून जाईल ती. लिहून ठेवा."

त्यांच्या या रागाला कारण होतं, ते सांगायला हवं. पूर्वी एकदा संघाने अशीच बाहेरची एक मुलगी आणली होती. बाकावर बसली, की तिचे गुडघे हनुवटीशी यायचे. ते बघवेना म्हणून अक्कांनी एक उंच पायांची खुर्ची स्वतः भरून, शिवून, हातगाडीवर घालून संघाच्या खेळाच्या हॉलवर पोचती केली. मुलगी त्या खुर्चीत बसली, हसली, आणि हंगाम अर्ध्यावर टाकून एक दिवस घरी निघून गेली. ना राम राम, ना काही. खुर्ची हॉलच्या गोदामात गेली. तेव्हापासून परदेशी खेळाडू म्हटलं, की अक्कांच्या कपाळावर आठी ठरलेली.

त्या शनिवारी तर त्यांना जोरच चढला होता. "आणि मी म्हणते, असल्या पोरींना घरचे सोडतात तरी कसे? एकोणीस वर्षांची मुलगी अशी समुद्रापलीकडे धाडून द्यायची? त्यांना काळीज आहे की फोम भरलाय? आणि आपण तरी कशाला घ्यायची ती? आपल्याला तिचं सुखदुःख कळणार नाही, तिला आपलं कळणार नाही. घरचं माणूस घरी बरं."

हे ऐकत शिडी दारात उभी होती.

शिडी म्हणजे अक्कांची भाची. भाऊ जहाजावर नोकरीला, वहिनी देवाघरी. तेव्हा चार वर्षांची ही पोर आत्याकडे आली ती इथलीच झाली. पाचवीत असतानाच वर्गात सगळ्यांच्या डोक्यावरून बघायला लागली, म्हणून मंडळाने नाव ठेवलं शिडी. आता बाविशीची होती. इथल्या संघाच्या दुसऱ्या फळीत तिने तीन हंगाम बाकावर काढले होते. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, पण इथे तिच्या जागेवर तिच्याहून चांगल्या दोघी होत्या. अक्कांना अजून ठाऊक नव्हतं, तरी आपण सांगून ठेवलेलं बरं: शिडीच्या फोनमध्ये चार दिवसांपासून एक निरोप होता. दूरच्या एका देशातल्या क्लबला तिचं नाव तिथल्या ड्राफ्टच्या यादीत घालायचं होतं. परवाचा सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तेच सांगायला ती त्या संध्याकाळी धावत आली होती.

"बघ गं, तूच सांग यांना," अक्का म्हणाल्या. "माझं चुकतंय का?"

शिडीने खांद्यावरची पिशवी सावरली. "नाही आत्या, बरोबर असेल तुझं," एवढं म्हणून ती जिना चढून वर घरी गेली.

पुढचे दोन-तीन दिवस अक्का खुशीत होत्या. पोरगी सकाळी सरावाला जायची ती दुकानात येऊन बसू लागली. जुनी कव्हरं उसवायची, पकडीने खिळे उपसायची, न सांगता चहा करायची. गिऱ्हाइकांना अक्का कौतुकाने सांगत, "आता माझी पोरगी हाताशी आली." शिडी हसे, पण ते हसू ओठांपुरतंच असे. अक्कांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना ते बघायचं नव्हतं.

बुधवारी दुपारी शिडी दोरा आणायला गेली असताना ड्रायव्हर एक धडधाकट स्टूल काखोटीला मारून आले. म्हणाले, डुगडुगतंय. स्टूल अजिबात डुगडुगत नव्हतं. अक्कांच्या तोंडात खिळे होते, तेवढी संधी साधून ड्रायव्हरांनी सगळं सांगून टाकलं. शिडी त्यांना बसस्टॉपवर भेटली होती, बोलता बोलता रडली होती.

"तिने त्या क्लबला 'नाही' म्हणून कळवायचं ठरवलंय," ड्रायव्हर म्हणाले. "म्हणाली, आत्याला असं वाटतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला सांगू नका म्हणून शपथ घातलीय. ती मी मोडली. तीस वर्षं गाडी चालवली अक्का, चुकीच्या स्टॉपवर कुणाला उतरू दिलं नाही. हिला कसा देऊ?"

अक्कांनी हातोडी खाली ठेवली. तोंडातला एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला. ड्रायव्हर स्टूल तिथेच विसरून निघून गेले.

आपल्याच तोंडाने आपण पोरीची वाट अडवली, हे अक्कांना तेव्हा कळलं. वर जाऊन "जा बाई" म्हणणं सोपं होतं. पण शिडीने ते खरं धरलं नसतं. आत्या कधी मत बदलत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आपलं मन राखायला म्हणतेय, असंच तिला वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस अक्कांनाही ते म्हणवत नव्हतं. पोरगी गेली की घर खायला उठेल, हा विचार आधी यायचा, बाकी सगळे मागून. गुरुवारी त्यांनी एकाच खुर्चीचं कापड दोनदा उलटं लावलं.

मत बदलायचा मंडळाचा एक कायदा होता. कुणा गिऱ्हाइकाने कधीच परत न नेलेली एक खुर्ची कोपऱ्यात पडून होती. तिची मधली स्प्रिंग तुटून वर आलेली. ज्याला बाजू बदलायची, त्याने त्या खुर्चीत बसायचं आणि नव्या बाजूने बोलायचं, बाकी तिघे माना डोलवेपर्यंत. औषधवाला वर्षाकाठी दोन-तीनदा बसे. रेफरींचं तर ते हक्काचं आसन. अक्का आजवर एकदाही बसल्या नव्हत्या.

शनिवारी सगळे जमले. शिडी कोपऱ्यात एका गादीचे टाके उसवत होती. अक्कांनी हात पुसले, तुटक्या स्प्रिंगच्या खुर्चीपाशी गेल्या आणि बसल्या. औषधवाल्याच्या हातातला चहा सांडला.

"परदेशी पोरगी घ्यावी," अक्का म्हणाल्या. "मागे एक आली होती. मी तिला खुर्ची करून दिली आणि वाटलं, मोठे उपकार केले. तिच्याशी कधी दोन शब्द बोलले नाही. भाषा येत नाही म्हणून. हाताने जेवलीस का विचारता येतं, त्याला भाषा लागत नाही. ती पळून नाही गेली. आपण तिला एकटं पाडलं."

औषधवाल्याने मान डोलावली. रेफरींनीही डोलावली, त्यांना कुणीही बोललं तरी पटायचंच.

"आणि अशी मुलगी लांबून येते ती काय हौसेने येते? घरी तिच्यापुढे दोघी असतात. तिला खेळायचं असतं आणि तिची पाळी येत नाही. तीन-तीन हंगाम बाकावर बसून टाळ्या वाजवते बिचारी, आणि घरी येऊन सांगते, आज मजा आली. तिला जिथे खेळायला मिळेल तिथे तिने जावं."

कोपऱ्यात उसवणारा हात थांबला होता.

"पटलं का?" अक्कांनी ड्रायव्हरांना विचारलं.

ड्रायव्हरांनी मान डोलावली नाही. "तिच्या घरच्यांना काळीज नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याचं काय ते सांगितलं नाहीत."

अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. ड्रायव्हर बसून राहिले.

"आहे काळीज," अक्का सावकाश म्हणाल्या. "तेच तर दुखतं. तिला धाडताना त्यांना जड जातच असणार. तरी धाडतात, कारण पोरगी घरात बसून खिळे उपसायला लागली, तर ते त्याहून जड जातं. मी मागच्या आठवड्यात बोलले ते खोटं होतं. मला लोकांच्या घरातलं काही माहीत नव्हतं."

ड्रायव्हरांनी मान डोलावली. रेफरींनी घसा खाकरून निकाल दिला, की मंडळ एकमताने परदेशी मुलीच्या बाजूने आहे, आणि मग खिशातला रुमाल शोधायला लागले. निकालाचा संघावर काही परिणाम होणार नव्हता, आजवर कधी झाला नव्हता. त्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मंडळ नेहमीपेक्षा लवकर उठलं.

वर स्वयंपाकघरात अक्का भाजी चिरायला बसल्या. शिडी समोर येऊन उभी राहिली.

"ड्रायव्हरकाकांनी सांगितलं ना तुला?"

"त्यांच्यावर चिडू नकोस. कळवलंस का त्या क्लबला?"

"नाही अजून."

"मग कळव. माझ्यासमोर कळव."

शिडीने फोन काढला, पण अंगठा हलेना. "आत्या, तिकडेही अशीच माणसं असतील गं. कुठल्यातरी दुकानात बसून माझ्यावर बोलतील. ही कशाला हवी, वर्षात पळून जाईल, असं म्हणतील."

"म्हणतील," अक्का म्हणाल्या. "माझ्यासारखी एखादी भांडकुदळ बाई असेलच. तिच्यावर चिडायचं नाही. तिचा तिच्या संघावर जीव असेल, आणि तुझी तिला काही माहिती नसेल. तू आपली जाऊन तिच्याशी बोल. ती आधी तोंड फिरवेल. तरी बोल."

शिडी खाली बसली आणि तिने लहानपणी ठेवायची तसं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. पाय दारापर्यंत पोचले. अक्कांनी विळी बाजूला सरकवली.

"तू काय करशील इथे एकटी?" शिडीने विचारलं.

काहीतरी हसण्यावारी न्यावं असं अक्कांच्या मनात आलं होतं. ते त्यांनी केलं नाही.

"मला करमणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज आठवण येईल, काही दिवस जेवणही जाणार नाही. ते माझं मी बघेन. तू हो म्हणून कळव."

शिडीने तसंच पडल्या पडल्या कळवलं.