खुणा पट्टीच्या खाली आहेत

दुसऱ्या मजल्याच्या सज्जात कठड्यावर कोपरं टेकून रस्ता बघताना तुम्ही कधी विचारलंय का, की हा गज जागेवर कुणी बसवला, आणि तो नीट बसलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाही ना? मग आत्याची गोष्ट ऐका. आणि ऐकताना कठड्यापासून जरा मागे उभे राहा.

आत्या म्हणजे भट्टीवरची आत्या. सख्खा भाचा एकच, पण अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. साठी उलटलेली. डावी भुवई एकदा जळाली ती परत आलीच नाही, आणि उजवा कान घणाच्या आवाजाने कामातून गेलेला. त्यामुळे ती साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटते, आणि खरोखर भांडते तेव्हा पलीकडच्या गल्लीतले दुकानदार बाहेर येऊन उभे राहतात. तिच्या भावाला ऐरणीचा कंटाळा, हिला शाळेचा. बापाने सरळ अदलाबदल करून टाकली. पोरीच्या हातात घण काय देता, असं लोक म्हणाले, तर बाप म्हणाला, "मग काय तुमच्या हातात देऊ?"

बाप गेला, छिन्नी राहिली. बापाच्या चष्म्याच्या डबीत आत्या ती अजून ठेवते. भट्टी कागदोपत्री भाच्याच्या नावावर आहे, कारण साहेबलोकांना बाई लोहार म्हटलं की आधी हसू येतं.

तर त्या जुन्या घराचं काम भट्टीकडे आलं. शंभर वर्षं उलटून गेलेलं घर. मालकिणीने ते डागडुजी करून लोकांना बघायला खुलं करायचं ठरवलेलं. दारावरच सज्जा, त्याला घडीव लोखंडाचा कठडा. त्रेचाळीस गज, प्रत्येकाला मधोमध पीळ, वर हात ठेवायची लांब पट्टी. वेल्डिंगचा एक ठिपका नाही. गजाच्या डोक्याला खुंटी, पट्टीला भोक. खुंटी भोकातून वर काढायची, तापवायची आणि ठोकून बसवायची. हाताने घडवलेले दोन गज कधी सारखे नसतात, म्हणून प्रत्येक खुंटी आपल्याच भोकापुरती कानसलेली. आणि गोंधळ होऊ नये म्हणून त्या जुन्या लोहाराने प्रत्येक गजाच्या वरच्या टोकाला, आतल्या अंगाने, छिन्नीने नंबर मारलेला. रेघ म्हणजे एक, तिरकी रेघ म्हणजे पाच, फुली म्हणजे दहा. तोच नंबर पट्टीच्या खालच्या बाजूला, भोकाशेजारी.

रंगाचे सात थर खरवडून आत्याने पहिली फुली पाहिली, तेव्हा ती हसली म्हणे. भाचा सांगतो, वर्षातून एकदा हसते, ते त्या दिवशी झालं.

कठडा तिने स्वतः सोडवला. गज ओळीने अंगणात मांडले. पत्र्याचे बिल्ले बांधले नाहीत. कशाला बांधायचे? लिहिलेलं होतं की लोखंडावरच! इथे तिची चूक झाली, हे लपवायचं कारण नाही. दुनियेत सगळ्यांना वाचता येतं, असं ती धरून चालली.

दोन दिवसांनी ती आली तर गज चकचकीत, आणि ओळ मोडून एका ढिगात टाकलेले. ठेकेदाराचा इंजिनिअर पांढरं हेल्मेट घालून ग्राइंडरशेजारी उभा. "आत्याबाई, तुमचं काम हलकं केलं बघा! सगळे ओरखडे साफ!"

आत्याने एक गज उचलला, टोकावरून अंगठा फिरवला. दुसरा उचलला. तिसरा. असे चौदा गज पाहून झाले, तोवर भाच्याने ग्राइंडरची वायर काढून टाकली होती.

"हे ओरखडे होते?"

"मग काय होतं?"

"नंबर होते, गाढवा! शंभर वर्षं टिकले, तुझ्यासमोर दोन दिवस नाही टिकले!"

इंजिनिअर लाल झाला, पण वकिली सुटली नाही. "टॅग लावायचे होते ना मग. तुमची जबाबदारी होती." आणि लगेच तोडगा: "बसवू कुठेही. हललं तर वेल्डिंग मारू. पंधरा दिवसांनी उद्‌घाटन आहे."

हे जुनं लोखंड लाकडासारखं असतं, दोऱ्यादोऱ्यांचं. वेल्डिंग वरून झकास दिसतं आणि शेजारी चीर पडते, ती रंगाखाली कुणाला दिसत नाही. सज्जाखाली रस्ता आहे. त्या रस्त्यावर माणसं चालतात. आत्याने हे मालकिणीसमोर तीन वेळा सांगितलं, मालकिणीच्या दोन्ही कानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून काय ते ठरवा, पण तारीख बदलणार नाही."

लांब पट्टी ग्राइंडरखाली जाण्याइतकी आटोपशीर नव्हती, म्हणून तिचे नंबर वाचले होते. म्हणजे घरं माहीत, माणसं हरवलेली. आत्या अंगणात बसली आणि एकेक गज एकेका भोकाला लावून बघायला लागली. नव्या माणसाला सगळ्या खुंट्या सारख्याच. पण आपली खुंटी भोकात शिरते तेव्हा ती अडत नाही आणि खुळखुळतही नाही, हाताला एक शांतपणा लागतो. नवव्या दिवशी बाविसावा गज सापडला. अकराव्या दिवशी छत्तीस. प्रत्येक गज सापडला की ती जागेवरच तापवून खुंटी ठोकून टाकायची, उगाच कुणाचा हात नको. गुडघे सुजले होते. भाचा म्हणाला, "आत्या, जेवून तरी घे." "लोखंडाने खाल्लंय का?" असं उत्तर.

सात उरले. त्यांच्या खुंट्या ग्राइंडरने चाटून गेलेल्या. त्या तापवून, ठोकून पुन्हा घडवायला हव्या होत्या. बाराव्या दिवशी सकाळी ती भट्टीवर निखारे फुलवायला गेली. परत आली तर सात गज वेल्डिंग होऊन उभे.

"कुणी सांगितलं?"

इंजिनिअरने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने चष्मा पुसायला घेतला.

"तू सही केलीस?"

"आत्या, समजून घे. पुढची कामं बंद होतील आपली."

"पुढची कामं! तुझ्या आजोबांनी एका सुताने चुकलेलं दार परत आणून तोडलं होतं. आणि तू माणसाच्या डोक्यावर टांगायची वस्तू कागदावर पास केलीस? जा, चष्मा आणखी पूस!"

तिने डबी उघडली. छिन्नी काढली. रंगारी डबे घेऊन उभे होते, त्यांना थांबवलं आणि पहिल्या गजावर रेघ मारली. टण्ण.

"अहो, सरफेस खराब होतोय!" इंजिनिअर धावला.

"तू साफ केलास, मी वाचण्यासारखा करतेय. मध्ये बोट घालू नकोस, नंबर पडेल त्याच्यावरपण."

रंगारी हसले. इंजिनिअर मागे सरला. छत्तीस गजांवर छत्तीस नंबर पडले, जुन्याच जागी, खोल. सात गज तिने कोरे सोडले आणि मालकिणीला हाताला धरून एकेक दाखवला: हे सात माझे नाहीत.

मालकीणबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. म्हणाल्या, "पण रंग दिल्यावर सगळे सारखेच दिसतील ना?"

दिसतात. सारखेच दिसतात! दाराशी पितळी पाटी लागली आहे. तिच्यावर मालकीण आहे, ठेकेदार आहे, इंजिनिअरसुद्धा आहे. आत्या नाही, आणि तिला त्याचं काही नाही. त्या सात गजांच्या शेजारी नाव नको, असं तीच म्हणाली. उद्‌घाटनाला ती आत गेलीच नाही. रस्त्यावर उभी राहून वर रेललेली माणसं बघत होती, आणि सज्जाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून पलीकडच्या फुटपाथवर पाठवत होती. लोकांना वाटलं, म्हातारी वेडी आहे.

तुम्ही अशा एखाद्या घरी जाल. सज्जात उभे राहाल, फोटो काढाल. एवढंच करा: रेलण्याआधी हात पट्टीखाली घाला आणि गजाच्या टोकाला आतल्या अंगाने बोट फिरवा. बोटाला रेघ लागली तर खुशाल उभे राहा. गुळगुळीत लागलं, तर पोराबाळांना मागे घ्या, मालकाला बोलवा आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा, हा गज कुणी बसवला म्हणून. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.