साठची तुला, सत्तरची मला

आयुष्यात एकदाच मी कुणाला फसवायला गेलो, त्याचं काय झालं ते सांगतो. चहा घ्या तोवर, फार लांबण लावत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीला आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून मी लग्नपत्रिका, हँडबिलं असली कामं करायचो. माझा मित्र सुनील ठाण्याच्या कोळीवाड्यात हेच करायचा. दोस्ती घट्ट, पण धंदा एकच! त्यात टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाची नवरात्राची स्मरणिका निघणार होती. सेक्रेटरींनी दोघांनाही नमुन्याची पानं करायला सांगितली. ज्याची आधी येतील, त्याला काम. मला ते हवंच होतं, कारण बाबा रोज विचारायचे, "ह्या डब्यावर पोट भरणार आहे का तुझं, की कुठे चिकटवून देऊ?"

मशीनं दोघांचीही रडत होती. म्हणून मेमरी घ्यायला आम्ही एकत्रच दुकानात गेलेलो. दुकानदाराने दोन पट्ट्या काढल्या.

"साइज सेम, भाव सेम. स्पीडमध्ये एक साठची, एक सत्तरची. आपसात ठरवा."

आता तुम्हीच सांगा, पंखा पाचवर जोरात फिरतो की एकवर? स्कूटर सत्तरने पुढे जाते की साठने? मी चेहरा एकदम साधा ठेवला.

"सुनील, साठची तू घे. माझं सत्तरवर भागेल."

"नक्की? बघ हं, तुलाही काम हवंय."

"घे रे. दोस्ती कशाला असते मग?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मनात म्हटलं, किती बावळट आहे बिचारा. वर वडापावही त्यानेच खायला घातला.

घरी येऊन पट्टी बसवली. फास्ट माल हातात आहे म्हटल्यावर मशीनच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि मेमरीचा वेग होता नव्हता तेवढा वाढवून टाकला. दुसऱ्याच पानाला मशीन हँग. बंद करून चालू केलं, परत हँग.

व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार, म्हणून फ्रिज बंद केला. दूध नासलं, आई दिवसभर बोलली नाही. मग वाटलं, मशीन तापतंय. झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तर छापलेली पानं गॅलरीतून खाली. ती गोळा करून वर येतो, तर पुन्हा हँग! सगळ्यांवर संशय घेतला, पट्टीवर मात्र नाही. ती सत्तरची होती ना!

काम सुनीलला मिळालं. माझा नुसता जळफळाट. साठवर कसं काय जमवलं ह्याने?

दसरा झाल्यावर त्याने मला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आईने, म्हणजे काकींनी, बोई माशाचं कालवण केलेलं. ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "माज्या पोराला चांगली वस्तू दिलीस नि आपन हलकी ठेवलीस. असं आजकाल कोन करतंय रं?"

मला काही कळेना. तेवढ्यात सुनील त्यांना समजावून सांगायला लागला, "आई, तो आकडा वेळेचा असतो. मेमरीला काम करायला किती वेळ लागतो, त्याचा. जेवढा कमी, तेवढी ती चपळ. ह्याने कमीची मला दिली. मी दोनदा विचारलं, तरी!"

माझा हात ताटातच थांबला. खरं सांगावं तर चोर ठरतो, वर गाढवही. गप्प बसावं तर देवमाणूस ठरतो. घास घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं.

काकी घाबरल्या. "काटा लागला का रं?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी लगेच कोरड्या भाताचा मोठा गोळा केला आणि पुढे धरला. "चावू नको, तसाच गिल."

काटा नव्हताच. पण गोळा गिळला.