राहतो की येतो

आंजीच्या अण्णाजी भोयरांचा ऋतिक फौजेत गेला, तेव्हा त्याने तसं काही ठरवलेलं नव्हतं. ठरवलं होतं गोपालने.

गोपाल म्हणजे शेजारच्या गल्लीतला, पहिलीपासूनचा दोस्त. त्याच्या डोक्यात शाळेत असल्यापासून एकच गोष्ट होती. वर्दी. बारावी झाल्यावर तो पहाटे आंजीच्या रस्त्यावर धावायला लागला आणि एकट्याला कुत्री मागे लागतात म्हणून ऋतिकला उठवायला लागला. ऋतिक उठायचा, धावायचा, घरी येऊन गायीला चारा टाकायचा. गोपालने भरतीचा अर्ज भरला तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर यानेही भरला. नागपूरच्या मैदानावर दोघेही धावण्यात पास झाले. पुढे डॉक्टरांनी गोपालला सरळ उभं केलं आणि त्याचे गुडघे एकमेकांना टेकतात म्हणून बाहेर काढलं. ऋतिक मात्र पास झाला. त्या दिवशी परतीच्या एसटीत गोपाल खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि ऋतिकला एवढंच वाटत होतं की, आपल्याऐवजी हा पास झाला असता तर बरं झालं असतं.

गावाने चौकात त्याचा फोटो लावला. अग्निवीर. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर थोड्यांनाच कायम ठेवतात, बाकीचे घरी येतात. चार वर्षं म्हणजे लांबची गोष्ट वाटली सगळ्यांना.

ट्रेनिंगनंतर त्याला ड्रायव्हर केलं. डोंगरातल्या रस्त्यावर रेशनच्या गाड्या चालवायच्या. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत राहील एवढं अंतर ठेवायचं, थांब म्हटलं की थांबायचं, चल म्हटलं की चलायचं. काम वाईट नव्हतं. कुणी त्याला छळलं नाही, त्याच्यासमोर कुणी मेलं नाही. जेवण वेळेवर मिळायचं. तीन वर्षं कशी गेली, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटच्या वर्षीच्या जानेवारीत तो सुट्टीवर आला आणि घरात प्रश्नांना सुरुवात झाली.

आई, लीलाबाई, पहिल्याच सकाळी म्हणाली, "काय करू रे तुह्यासाठी? पाटोडी करू का वांगे?"

"काईबी कर."

"काईबी म्हणजे काय? तुले काय आवडते ते सांग ना."

ऋतिकने खरोखर आठवून पाहिलं. पाटोडीचा रस्सा तो पूर्वी वाटीने प्यायचा हे त्याला ठाऊक होतं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं ठाऊक होतं. आईने दोन्ही केलं. त्याने दोन्ही खाल्लं. ती ताटाकडे बघत बसली आणि तिला त्यातून काहीच कळलं नाही.

अण्णाजींचा प्रश्न वेगळा होता. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते म्हणाले, "मंग? परमनंटचं काय ठरवलं?"

"आजून विचारलं नाई तिकडं."

"विचारतीन ना. तू हाव म्हणजो. बंडूजी थांबून राह्यले आपल्यासाठी. परमनंटचा निकाल लागेपर्यंत लगन करता येत नाई म्हणते नं तुमाले? मंग तेवढं झालं का उरकून टाकू."

बंडूजी सिंदी मेघेला राहत. तिथल्याच एका कार्यालयात कारकून. त्यांची मुलगी सुरभी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दोन्ही घरांत बोलणी झाली होती, पण पक्कं काही नव्हतं. ऋतिकने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे अण्णाजींनी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेने त्याला बोलावलं. हेडमास्तरांनी वर्दीत ये म्हणून निरोप धाडला होता. हा साध्या शर्टात गेला. माईकवर त्याची बरीच स्तुती झाली. नारळ दिला, शाल दिली. मग पोरांना प्रश्न विचारायला सांगितलं. एकाने बंदुकीचं विचारलं, एकाने बर्फाचं. नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, तुमाले तिथंच राह्यचं आहे का?"

मास्तर हसरे चेहरे करून त्याच्याकडे बघत होते. अण्णाजी पहिल्या रांगेत होते. ऋतिक माईकजवळ उभा राहिला. आता छातीत काहीतरी दाटून येईल, अशी त्याने वाट पाहिली. काहीच आलं नाही. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढा आवाज ऐकू येत होता.

"नंतर सांगतो," तो म्हणाला.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती मुलगी मात्र लगेच खाली बसली नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर गोपाल उभा होता. त्याने आता जुनी पिकअप घेतली होती, गावचा भाजीपाला वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. "नंतर सांगतो म्हणजे काय बे?" तो म्हणाला. "तुले राह्यचं नाई का?"

"मले माहीत नाई."

"माहीत नाई?" गोपालचा आवाज चढला. "मी रोज चार वाजता उठलो. दोन साल. पावसात पाय सुजले तरी धावलो. अन् तू मह्या मागं मागं आला अन् चालला गेला. आता म्हणतो माहीत नाई!"

"तू खरं बोलून राह्यला," ऋतिक म्हणाला.

गोपालला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून तो अधिकच चिडला आणि गाडी चालू करून निघून गेला.

सुट्टी संपायच्या आधी सुरभीने स्वतःच फोन करून भेटायला बोलावलं. तिच्या लॅबच्या खाली चहाची टपरी होती, तिथे बाकावर दोघं बसले. ती सरळ बोलणारी होती.

"बाबांना परमनंट जावई पाहिजे," ती म्हणाली. "मी ते विचारत नाही. तुम्हाले काय पाहिजे?"

ऋतिकने ग्लास बाकावर ठेवला. मग पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी खरं सांगितलं. "मले काईच वाटत नाई. घरी आलो तरी वाटत नाई, जातो तरी वाटत नाई. तिकडं कोणी विचारत नाई, तर चालून जाते. इथं सारे विचारते. तुमी सांगा, मी तसं करतो."

"नाही सांगणार," सुरभी म्हणाली.

"काऊन?"

"मी सांगितलं तर तेही तुम्ही डूटीसारखंच करसान." तिने चहाचे पैसे दिले. रागावली नव्हती, पण थकल्यासारखी दिसली. "तुमचं तुम्ही ठरवा. मग फोन करा. मी थांबते असंही म्हणत नाही."

तो परत गेला. डोंगरात अजून थंडी होती. गाड्या चालत होत्या. पुढच्या गाडीचा दिवा, थांबणं, चलणं. उन्हाळ्यात एके दिवशी हवालदाराने सगळ्या अग्निवीरांना ऑफिसबाहेर रांगेत उभं केलं आणि एकेकाला आत बोलावून विचारायला सुरुवात केली, रहना है कि जाना है. पुढचा राजस्थानचा पोरगा आत शिरण्याआधी देवाचं नाव घेत होता. त्याला राहायचंच होतं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. ऋतिकने त्याला पाणी दिलं. कुणाला एखादी गोष्ट एवढी हवी असते, हे त्याने फार दिवसांनी जवळून पाहिलं आणि त्याला त्या पोराचा हेवा वाटला. हेवा तरी वाटला.

आत गेल्यावर हवालदाराने विचारलं आणि ऋतिकने ऐकलं की आपण म्हणतो आहोत, "जाना है, साहब."

"तेरा तो रिकॉर्ड अच्छा है. घर में कोई तकलीफ?"

"नहीं, साहब."

"काम मिल गया कहीं?"

"नहीं."

हवालदाराने पेन खाली ठेवला आणि त्याला एक आठवडा विचार करायला दिला. आठवड्याने पुन्हा विचारलं. त्याने तेच सांगितलं. कारण दोन्ही वेळा नव्हतं.

संध्याकाळी घरी फोन लावला. परत येतो म्हणून अण्णाजींना सांगितलं. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मी गावाले काय सांगू?"

"मी नाई म्हटलं, असं सांगजा."

"काऊन नाई म्हटलं?"

"माहीत नाई, बाबा. पण कोणी सांगतलं नव्हतं मले."

अण्णाजींनी फोन ठेवून दिला. सुरभीला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "बरं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं." दिवाळीच्या सुमारास बंडूजींनी बोलणी मोडली. हिवाळ्यात सुरभीचं सेलूकडे लग्न जमल्याचं आईकडून कळलं. ऋतिकने फोन खिशात ठेवला आणि गाडीचं ऑइल तपासायला गेला. वाईट वाटायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

चार वर्षं भरून तो वर्ध्याला उतरला तेव्हा घ्यायला गोपाल आला होता. वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. गोपालने त्याची काळी पेटी उचलून पिकअपमध्ये ठेवली आणि आंजीपर्यंत दोघं पाऊस, कापसाचा भाव आणि कुणाकुणाची लग्नं झाली एवढंच बोलले.

पुढचे दोन महिने ऋतिक घरी नुसता बसला. अण्णाजी त्याच्याशी कामापुरतं बोलत. आई मुकाट्याने वाढत असे. लोकांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं. गोपालची कंबर आखडली तेव्हा चार दिवस म्हणून ऋतिक त्याची पिकअप चालवायला लागला, मग रोजचाच ड्रायव्हर झाला.

एप्रिलमधल्या एका सकाळी वाडीवर गोपालने टमाट्यांचे कॅरेट गाडीत रचायला घेतले. गाडी भरली तरी तो वर आणखी चढवतच होता.

"एवढे नाई," ऋतिक म्हणाला.

"चालते बे. रोजच नेतो मी."

"नाई चालत. पुलापाशी गाडी एका बाजूले लवते. मी चालवून राह्यलो, तू नाई." त्याचा आवाज मोठा झाला होता. "उतरव म्हणतो ना!"

गोपाल वरूनच त्याच्याकडे बघत राहिला. शेजारच्या वाडीतल्या बायाही थांबून बघायला लागल्या. मग गोपालने वरची रांग उतरवली. ऋतिक गाडीत बसला, पण चावी फिरवण्याआधी त्याला थोडा वेळ तसंच बसावं लागलं. त्याला राग आला होता, आणि तो कुणी सांगून आला नव्हता. गोपाल बाजूला येऊन बसला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "चाल, उशीर होईन." ऋतिकने गाडी रस्त्याला लावली.