चाखलेली वाळू
उमेळ्यात बांधकामापाशी ओल्या वाळूचा वास आला आणि ऐंशी सालाच्या सुमारास वादळात पडलेलं आमचं खिरणीचं झाड, आमची रायण आठवली. तिचं रोप हवं म्हणून बाबांनी बिया पेरल्या, पण वाडीच्या चिकट मातीत त्या कुजल्या. उरलेल्या मूठभर बियांसाठी राजोडीच्या किनाऱ्यावरची वाळू आणली. बाबा ती विहिरीच्या पाण्याने धूत, चिमूटभर जिभेवर ठेवत आणि थुंकत. “अजून खारी लागते.” “अहो, तोवर बिया मरतील!” आई रडकुंडीला आली. शेवटी त्यांनी चिमूट तिच्याच हातावर ठेवली. तिने चाखली आणि म्हणाली, “पेरा आता.” पुढे रोज सकाळी मी आधी कुंडीत डोकावत असे. अखेर दोन कोंब आले. आज बांधकामावरच्या वाळूच्या ढिगातली चिमूट मी नकळत जिभेवर ठेवली. खारी होती, आणि तिच्यातून समोर सात मजले उगवले होते.